प्रतिकारपेशींच्या पुरचुंड्या आणि कॅन्सर: 'एक्झोसोम'ची सलाईन घ्यावी का?

निळीशाई · रविवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात मामेभावाने एका पत्रकाचा फोटो पाठवला. त्यावर निळे गोळे तरंगतायत आणि खाली ठळक अक्षरांत 'एक्झोसोम इम्युनोथेरपी, सहा सलाईनचा कोर्स, केमोशिवाय कॅन्सरवर मात'. मामाला गालाचा कॅन्सर आहे. दोन वर्षांपूर्वी जबड्याचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचा शेक झाला, आणि आता मानेत परत गाठ आलीय. त्या सहा सलाईनसाठी विहिरीकडचा अर्धा एकर विकायचं घरात चाललंय. भावाने एवढंच विचारलं, "ताई, तू यावरच काम करत होतीस ना? खरं आहे का हे?"

हो, मी पुण्यात एका प्रयोगशाळेत चार वर्षं याच विषयावर काम केलंय. फोनवर त्याला धड सांगता आलं नाही. दोन वाक्यांत 'खोटं आहे' म्हणावं तर ज्या विज्ञानावर माझा जीव आहे ते खोटं ठरतं, आणि 'खरं आहे' म्हणावं तर जमीन जाते. म्हणून सविस्तर लिहितेय.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःच्या आवरणाच्या छोट्या छोट्या पिशव्या बाहेर सोडत असते. पाठ्यपुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात, लॅबमध्ये सगळे व्हेसिकल म्हणतात. मी पुरचुंडी म्हणते, कारण नेमकं तेच आहे: थोडा ऐवज बांधून दिलेलं गाठोडं. त्यातल्या एका जातीला एक्झोसोम म्हणतात. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे विषाणूएवढा. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्या वाटीसारख्या मध्ये दबलेल्या दिसल्या. नमुना वाळवताना तशा होतात हे नंतर कळलं.

१९८३ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन यांच्या गटाला मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींमध्ये हा प्रकार सापडला. पेशी मोठी होताना तिला नको असलेले रेणू पिशव्यांत भरून बाहेर टाकत होती. त्यामुळे पुढची बरीच वर्षं 'हा पेशीचा केर आहे' असंच सगळे धरून चालले. १९९६ मध्ये ते मत हललं. ग्रासा रापोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या आपल्या प्रतिकारपेशी, ज्या पुरचुंड्या सोडतात त्या टी पेशींना, म्हणजे बिघडलेल्या पेशी शोधून मारणाऱ्या प्रतिकारपेशींना, जागं करू शकतात.

आता कॅन्सरशी याचा संबंध. शरीरात डेंड्रिटिक नावाच्या प्रतिकारपेशी आहेत. त्वचेखाली, आतड्यात, फुफ्फुसात त्या पसरलेल्या असतात. त्यांचं काम वानवळा पोचवण्याचं. शेतात नवीन काही आलं की मूठभर शेजारी, पाहुण्यांकडे पाठवतात तसं ही पेशी गाठीतला एखादा तुकडा उचलते, तो एका ठरावीक रेणूच्या तबकात मांडते आणि मानेतल्या, काखेतल्या लसीकाग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवते. ज्या टी पेशीला तो तुकडा जुळतो तिची संख्या वाढते आणि ती शोधात निघते. डेंड्रिटिक पेशीच्या पुरचुंड्यांवरही हेच तबक, हाच वानवळा असतो. पेशी जिवंत ठेवणं महाकठीण. पुरचुंडी मरत नाही, कारण ती जिवंतच नसते. तिला गोठवून ठेवता येतं. मग पेशीऐवजी पुरचुंडीच लस म्हणून दिली तर?

१९९८ मध्ये पॅरिसच्या गटाने, लॉरेन्स झितवोगेल त्यात प्रमुख, हे उंदरांवर केलं. आधीच वाढलेल्या गाठी आटल्या, काही उंदरांत नाहीशा झाल्या. या क्षेत्रात आलेल्या आम्हा सगळ्यांना तो शोधनिबंध वाचून वाटलं होतं की बस, आता हेच करायचं.

माणसांवरची गोष्ट हळू चालली. २००५ मध्ये दोन छोट्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. फ्रान्समध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरचे १५ रुग्ण आणि अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण. रुग्णाच्याच रक्तातून पेशी काढून, त्यांच्या पुरचुंड्या गोळा करून, त्यालाच टोचल्या. त्रास फारसा झाला नाही. पण मेलानोमाच्या पंधरांत मापात बसेल इतकी गाठ एकाचीच आटली. मग फ्रान्समध्येच दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, तिचे निकाल २०१६ मध्ये आले. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे २२ रुग्ण, केमोनंतर पुरचुंड्या. चार महिन्यांनी निम्म्यांचा तरी आजार जागच्या जागी राहावा असं उद्दिष्ट होतं. राहिला २२ पैकी ७ जणांचा. उद्दिष्ट हुकलं. एक गोष्ट मात्र हाती लागली: काही रुग्णांत एनके पेशी जास्त तरतरीत झाल्या होत्या. या पेशी वानवळ्याची वाट बघत नाहीत, ज्या पेशीवर स्वतःची ओळख पुसलेली दिसते तिला थेट मारतात. म्हणजे पुरचुंड्या काहीतरी करत होत्या, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या वाटेने आणि पुरेसं नाही.

आजची स्थिती अशी की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, एकाही एक्झोसोम उत्पादनाला मंजुरी दिलेली नाही, कॅन्सरसाठी नाही आणि दुसऱ्या कशासाठीही नाही. उलट डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी जाहीर इशारा दिला होता, नेब्रास्का राज्यात अशी उत्पादनं टोचून घेतलेल्या लोकांना गंभीर त्रास झाल्यानंतर.

आणि पत्रकावर जे कधीच छापत नाहीत ते: कॅन्सरच्या पेशीही पुरचुंड्या सोडतात. भरपूर सोडतात. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने दाखवलं की गाठीच्या पुरचुंड्या आधी जाऊन फुफ्फुसात किंवा यकृतात जागा तयार करतात, आणि कुठे जायचं हे त्यांच्या आवरणावरचे रेणू ठरवतात. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियातून आणखी एक काम आलं. मेलानोमाच्या पुरचुंड्यांवर पीडी-एल-वन नावाचा रेणू असतो. टी पेशीवर एक खटका आहे, तो दाबला की ती थंड पडते. हा रेणू तोच खटका दाबतो. गाठ छातीत बसलेली, आणि तिच्या पुरचुंड्या रक्तातून फिरत दूरच्या टी पेशींना गप्प करतायत.

त्यामुळे नुसतं 'एक्झोसोम' म्हणण्याला अर्थ नाही. कोणाच्या पेशीचा, आत काय, वर काय, हे विचारायला हवं. मामाच्या पत्रकात यातलं एकही उत्तर नाही.

इथे डॉक्टर, औषध कंपन्यांतली मंडळी, स्वतः या आजारातून गेलेले लोक आहेत. माझं काही चुकत असेल तर सांगा. आणि मामासाठी खरंच काय करता येईल तेही सांगा.

---

रानवाटा_७२ · रविवार, रात्री ११:०५

ताई, लेख समजला. पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो, राग मानू नका. माझ्या बायकोला अंडाशयाचा कॅन्सर होता. तिसऱ्यांदा उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता आमच्याकडे काही नाही, घरी न्या. त्या रात्री कोणी म्हणालं असतं की हिमालयातलं पाणी आणा तर मी निघालो असतो. 'पुरावा नाही' हे वाक्य ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्यासाठी. ज्याच्याकडे तीन महिने आहेत त्याने २२ जणांच्या चाचणीची वाट बघायची का? अपाय होत नसेल तर घेऊ द्या की माणसाला.

---

चौकट · सोमवार, सकाळी ७:५०

रानवाटा, तुमचं दुःख मोठं आहे, त्यापुढे मी काय बोलणार. फक्त 'अपाय होत नसेल तर' या चार शब्दांबद्दल लिहितो, कारण माझी नोकरीच त्या चार शब्दांवर आहे. मी लस बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, १९ वर्षं.

कुठलंही टोचायचं द्रव्य जंतुरहित कसं करतात? एक तर उष्णता द्यायची. पुरचुंड्यांना ती चालत नाही, प्रथिनं बिघडतात. दुसरा मार्ग ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीचा. त्यात बॅक्टेरिया अडकतात, पण पुरचुंड्या आरपार जातात. आता बघा, ताईंनी लिहिलंय की पुरचुंडी विषाणूएवढी असते. म्हणजे ज्या गाळणीतून ती जाते तिच्यातून विषाणूही जातो. आकारावर दोघांना वेगळं काढता येत नाही. ज्या माणसाच्या पेशी घेतल्या त्याची तपासणी, प्रत्येक टप्प्यावर विषाणूंची चाचणी, हे सगळं केलं तरच कुपी सुरक्षित म्हणता येते. हे करायला कारखाना लागतो. दवाखान्याच्या मागच्या खोलीतल्या फ्रीजवर भागत नाही.

दुसरं, कुपीत किती आहे? लॅबमध्ये एक लाख पट गुरुत्वाच्या वेगाने सेंट्रिफ्यूज फिरवून पुरचुंड्या तळाशी बसवतात. त्यांच्यासोबत प्रथिनांच्या गुठळ्याही बसतात. रक्तातून काढल्या असतील तर चरबीचे कणही, आणि ते पुरचुंड्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. कण मोजायचं यंत्र सगळ्यांना सारखंच मोजतं. लेबलवर 'अमुक अब्ज एक्झोसोम' लिहिलेलं असतं, त्यातले एक्झोसोम किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. एवढंच काय, पेशी वाढवायला जो वासराचा सीरम वापरतात त्यातही गायीच्या पुरचुंड्या असतात. त्या आधी काढल्या नाहीत तर तुम्ही काय मोजताय? या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान काय काय तपासावं याची नियमावली २०१४ ला काढली, २०१८ ला सुधारली आणि २०२३ ला परत सुधारली. जे लोक रोज हे करतात त्यांचंही अजून ठरतंय.

ताई, एक विचारा त्या लोकांना: पेशी कुठल्या? माझा अंदाज आहे की नाळेच्या.

---

निळीशाई · सोमवार, दुपारी १:२०

चौकट, बरोबर. भावाने आज फोन करून विचारलं. उत्तर आलं, 'नाळेच्या स्टेम सेलचे'.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, नाळेतून ज्या मेसेन्कायमल पेशी काढतात त्या प्रतिकारपेशी नाहीत. त्यांचा मूळ स्वभाव प्रतिकारशक्तीला शांत करण्याचा, म्हणूनच सूज आणणाऱ्या आजारांत त्या वापरून बघतात. पत्रकावर 'इम्युनोथेरपी' लिहून कॅन्सरच्या माणसाला या पेशींच्या पुरचुंड्या द्यायच्या, आत काही औषध न भरता. माझ्या समजुतीप्रमाणे हे उलट्या दिशेने चालणं आहे. मला राग येतोय, तो लपवत नाही.

रानवाटा, तुमच्या प्रश्नाला रात्री उत्तर देते. घाईत द्यायचं नाहीये.

---

ओपीडी_सात · सोमवार, रात्री ८:३०

मी मेडिकल ऑन्कॉलॉजीत, म्हणजे कॅन्सरच्या औषधोपचार विभागात, डॉक्टर आहे. धागा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली, ताईंच्या शेवटच्या प्रतिसादात थोडी भर. मेसेन्कायमल पेशींच्या पुरचुंड्या कॅन्सरमध्ये निरुपयोगीच, असं मात्र म्हणू नये. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी त्यांचा उपयोग निव्वळ वाहन म्हणून करतायत: आत केआरएएस या बिघडलेल्या जनुकाचा आवाज बंद करणारा आरएनए भरायचा आणि पाठवायचं. २०१७ मध्ये उंदरांवर चाललं, मग रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. म्हणजे तुम्ही लिहिलंय त्यातले 'आत काही औषध न भरता' हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट, प्रतिकारपेशींचा उपचार आज आपल्याकडे प्रत्यक्ष कुठे आहे. कार टी. रुग्णाच्या टी पेशी काढायच्या, त्यांच्यात जनुक घालून कॅन्सरपेशी ओळखणारा नवा रेणू बसवायचा, वाढवायच्या, परत द्यायच्या. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने ही थेरपी उभी केली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी चाचण्या केल्या. ४ जून २०२१ ला टाटाच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी आली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं. अमेरिकेत अशा एका उपचाराच्या औषधालाच तीन-चार कोटी रुपये पडतात, इथे खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. तोही आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, मान्य आहे. पण ६४ रुग्णांच्या चाचण्यांत, ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी ७३ टक्क्यांत आजाराने माघार घेतली. आधीचे उपचार थकलेले होते अशा लोकांत.

मात्र ही थेरपी बी पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. त्या पेशींवर सीडी-१९ नावाची खूण असते, टी पेशी ती धरते. निरोगी बी पेशीही मरतात, पण माणूस त्यांच्याशिवाय काही काळ काढू शकतो. गालाच्या कॅन्सरवर अशी सोयीची खूण नाही. शिवाय घट्ट गाठीच्या आत टी पेशी शिरायलाच धडपडतात. त्यामुळे मामांना कार टी नाही.

मग काय? ताई, त्यांना कमी डोसचं निवोलुमॅब सुचवलंय का कोणी?

तुम्ही टी पेशीच्या ज्या खटक्याबद्दल लिहिलंत, निवोलुमॅब त्याच्यावर झाकण बसवतं. हा खटका शोधणारे तासुकू होंजो आणि टी पेशीच्या अशाच दुसऱ्या खटक्यावर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, महिन्याचा खर्च लाखांत. टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी विचारलं, एवढं लागतंच का? तोंड, घशाच्या कॅन्सरच्या, आजार उलटलेल्या १५१ रुग्णांना दोन गटांत विभागलं. सगळ्यांना तीन स्वस्त गोळ्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब. एका गटाला जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. हिशेब केलात तर नेहमीच्या डोसचा अठरावा हिस्सा. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निवोलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के.

हे बरं होणं नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. वेळ मिळतो, आणि काहींना चांगला मिळतो. थायरॉइड, फुफ्फुसं, आतडी यांवर परिणाम होऊ शकतो. दम लागला किंवा जुलाब थांबेनात तर 'औषधाची गरमी असेल' म्हणून घरी बसायचं नाही, कळवायचं.

---

आजीचीगोधडी · मंगळवार, सकाळी ६:१५

मी ७१ वर्षांची आहे. डॉक्टरांनी मोठमोठ्या उपचारांचं लिहिलंय, मी माझं छोटंसं सांगते. चार वर्षांपूर्वी मला मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, वरवरचा. दुर्बिणीतून खरवडला आणि मग दर आठवड्याला एक असे सहा वेळा मूत्राशयात नळीने बीसीजी सोडलं. बाळांच्या दंडावर देतात ती क्षयाची लस, तीच! मला खरंच वाटेना. डॉक्टरांनी समजावलं की ते जंतू कॅन्सरला मारत नाहीत. त्यांना बघून माझ्याच पेशी धावून येतात आणि त्या भरात कॅन्सरलाही खातात. १९७६ सालापासून हे चालत आलंय म्हणे.

जळजळ व्हायची, ताप यायचा. सून म्हणायची, आई, ताप आला म्हणजे तुमच्या पेशी कामावर आल्यात. त्याने बरं वाटायचं.

निळीशाई, बाळा, त्यातही तुझ्या त्या पुरचुंड्या असतील का गं?

---

मॉन्ट्रियलची_थंडी · मंगळवार, सकाळी ९:००

मी मॅकगिलमध्येच शिकले, म्हणून १९८३ बद्दल एक दुरुस्ती. तो शोध एकट्या जॉनस्टन यांच्या गटाचा नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला फिलिप स्टाल यांच्या गटानेही हेच पाहिलं, त्यांनी उंदराच्या पेशी वापरल्या होत्या. 'एक्झोसोम' हे नाव मात्र जॉनस्टन यांनी १९८७ मध्ये रूढ केलं. त्या पोलंडमध्ये जन्मल्या, लहानपणी आईबरोबर कॅनडात आल्या आणि पुढे मॅकगिलच्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. २००९ मध्ये गेल्या, म्हणजे या विषयाचा आजचा पसारा त्यांनी पाहिला नाही.

रानवाटा यांच्या प्रश्नावरून मला राल्फ स्टाइनमन आठवले. डेंड्रिटिक पेशी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांनीच शोधल्या, झानव्हिल कोन यांच्यासोबत. २००७ मध्ये त्यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. त्यांनी आपल्याच डेंड्रिटिक पेशींपासून केलेल्या लशी घेतल्या, केमोही घेतली आणि चारेक वर्षं काम करत राहिले. ३० सप्टेंबर २०११ ला ते गेले. ३ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं तेव्हा समितीला त्यांचं निधन झाल्याचं माहीत नव्हतं. म्हणजे 'सिद्ध झालेलं नाही तेही घेऊन बघू' असं या विषयाच्या जनकानेसुद्धा केलं. पण त्यांच्या शरीरात काय जातंय याचा कण न् कण मोजला जात होता, सहकारी निरीक्षणं लिहीत होते. मला वाटतं फरक तिथे आहे.

---

निळीशाई · मंगळवार, रात्री १०:१०

मॉन्ट्रियल, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. माझ्या लिहिण्यात सेंट लुईसवर अन्याय झाला.

आजी, नक्की असणार! जिथे पेशी चेतवल्या जातात तिथे पुरचुंड्या वाढतात. बीसीजीने बोलावलेल्या पेशींमध्ये टी पेशी असतात, एनके असतात, भक्षक पेशी असतात, आणि या सगळ्या गाठोडी सोडतात. एनके पेशींच्या पुरचुंड्यांत पेशीला भोक पाडणारं परफोरिन असतं, हे २०१२ मध्ये रोमच्या गटाने दाखवलं. मारेकरी टी पेशींची तर आणखी नवलाची गोष्ट आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या मायकेल डस्टिन यांच्या गटाला दिसलं की त्या साधारण १२० नॅनोमीटरचे कण सोडतात. आत परफोरिन आणि पेशीला आतून मारणारं ग्रँझाइम, बाहेर प्रथिनांचं कवच. त्याला पेशीचं आवरणच नसतं, म्हणून ती पुरचुंडी म्हणता येत नाही. टी पेशी निघून गेल्यावरही हे कण मागे राहतात आणि मारायचं काम करतात. मी हे वाचलं तेव्हा मध्यरात्री नवऱ्याला उठवून सांगितलं होतं.

आणि डॉक्टरांच्या कार टीशी हे असं जुळतं. २०१९ मध्ये चीनमधल्या गटाने कार टी पेशींच्या पुरचुंड्या गोळा केल्या. त्यांच्यावर कॅन्सर धरणारा रेणू होता आणि आत मारायचं सामान, पण तो थंड पाडणारा खटका नव्हता. गाठीने कितीही पीडी-एल-वन पुढे केलं तरी दाबायला काही नाही! कार टीमध्ये पेशी अंगात बेसुमार वाढून जे तापाचं वादळ उठतं, तेही उंदरांत कमी दिसलं, कारण पुरचुंड्या वाढत नाहीत. याच कारणाने त्या पुन्हा पुन्हा द्याव्या लागतील. हे उंदरांतलं आहे. मला यातून खूप आशा आहे, आणि तरीही मामाला यातलं आज काही देता येत नाही.

रानवाटा दादा, आता तुमचं. दोन दिवस तुमचा प्रतिसाद डोक्यात आहे. तुम्ही म्हणता तसं ज्याच्याकडे तीन महिने आहेत त्याने वाट बघू नये, मान्य. पण अर्धा एकर आणि सहा वेळा शहराच्या फेऱ्या, हे त्या तीन महिन्यांतूनच जातं. मामाला सध्या दोन तास गाडीत बसवत नाही. मामी पाटात पाणी सोडून येते आणि त्याच्याजवळ बसते, तो तिला उसाचे हिशेब सांगतो. ते दिवस मी कोणाला विकत देऊ? सिद्ध न झालेलं घ्यायचंच असेल तर नोंदलेल्या चाचणीत घेऊ. तिथे त्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून मागत नाहीत, आणि मामाच्या शरीरातून जे कळेल ते पुढच्या कोणाच्या तरी कामी येईल.

---

रानवाटा_७२ · बुधवार, सकाळी ५:४०

ताई, मी तेव्हा एका ठिकाणी पाच लाख भरले होते. नाव लिहीत नाही. 'पेशींची थेरपी' एवढंच सांगितलं होतं. तुमचं 'ते दिवस' वाचून रात्री झोप लागली नाही. शेवटच्या अडीच महिन्यांत ती मला म्हणायची, आज नको जायला, अंगणात बसू. मी तिला उचलून गाडीत घालायचो.

मामांचं काय ठरतं ते कळवा.

---

चौकट · बुधवार, सकाळी ८:१०

रानवाटा, तुम्ही तिला वाचवायला गाडीत घालत होतात. ती हे ओळखून असेल.

ताई, चाचणीचा विषय निघालाय म्हणून: भारतातल्या प्रत्येक क्लिनिकल चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते, २००९ पासून सक्तीने. संकेतस्थळ कोणालाही फुकट बघता येतं. कोणी 'आमची चाचणी चालू आहे' म्हणालं तर नोंदणी क्रमांक मागायचा आणि स्वतः उघडून वाचायचा: कुठला आजार, किती रुग्ण, कुठल्या नीतिसमितीची परवानगी. क्रमांक देता येत नसेल तर उठून यायचं.

---

निळीशाई · साडेपाच आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:००

उशीर झाला, माफ करा. सगळे विचारत होता.

भावाने क्रमांक मागितला. त्यांनी आयएसओचं प्रमाणपत्र पाठवलं. कुपी कुठे तयार होते विचारल्यावर 'बाहेरून येते'. हे सगळं मी मामाला समोर बसून सांगितलं, काही न लपवता, निवोलुमॅबचे आकडेही. जबड्यामुळे त्याचं बोलणं अस्पष्ट झालंय. म्हणाला, "त्या कुपीत काय हाय ते त्यास्नीच ठावं न्हाई, मग माझ्या शिरंत कशाला घालायचं? रान ऱ्हाऊ दे."

मुंबईला दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या आणि कमी डोसचं निवोलुमॅब, हेच सुचवलं. दुसरा डोस परवा झाला. अंगावर थोडं पुरळ आहे, तोंड आलंय, थायरॉइडची तपासणी नॉर्मल. गाठ कमी झाली की नाही हे आत्ता सांगता येणार नाही, स्कॅनला अजून वेळ आहे. मानेची ठणक कमी आहे असं तो म्हणतो. मामी त्याला पातळ घुटं आणि मऊ भात कालवून देते.

आता दर तीन आठवड्यांनी मुंबई. आदल्या दिवशी पोचून दुसऱ्या दिवशी डोस, म्हणजे एक-दोन रात्रींचा मुक्काम. परळ-दादर भागात, दोन जिने चढावे लागणार नाहीत अशी जागा कोणाला माहीत आहे का? मामा, मामी आणि भाऊ, तिघं असतील.

---

आजीचीगोधडी · शनिवार, सायंकाळी ५:२०

दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना तिथे ठेवून घेतात. हॉस्पिटलची फाइल बरोबर ठेवायची. गर्दी असते, आधी चौकशी करून जा. टाटातल्या समाजसेवा विभागात विचारलंस तर तेही पत्ते देतील.

आणि घुट्यात मिरची घालू नको म्हणावं मामीला, तोंड आलंय ना. मी पुढच्या डोसाला मुलाकडे परळलाच आहे. तारीख कळव, डबा मी आणते.